नेत्याची सही

नाही, पण मी म्हणतो, कावळ्याला डिग्री कशाला हवी? तुम्हीच सांगा. समोर भात ठेवलाय, वडा ठेवलाय, वर दही घातलंय, एका माणसाचं पोट भरेल एवढं आहे, तर निमूट खाऊन जा की बाबा... तर नाही. बसला माडावर. एक नाही, चार. आणि खाली आम्ही तीस माणसं ऑक्टोबरच्या उन्हात माना वर करून उभी, जसं काय विमानातनं कोण पाहुणा उतरणार आहे.

तुम्हाला सांगतो, मी रघू. रघुनाथ धोंडू नागवेकर. बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीत कामाला आहे, लाद्या उतरवायला. आणि सध्या, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, सध्या मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. विषय कुठला, तर नेतृत्व आणि संघ व्यवस्थापन. म्हणजे लीडर कसा असावा, त्याने टीम कशी सांभाळावी, टीममधल्या माणसांना काम करावंसं वाटावं म्हणून काय काय करावं. हे मी शिकतोय. मी, ज्याने आठवीत शाळा सोडली ती मास्तरांनी 'उभा राहा' म्हटलं म्हणून. उभा राहिलो, तो तसाच घरी गेलो.

शिकायचं होतं ते माझ्या दादाला. गौरव त्याचं नाव. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, त्याच फॅक्टरीत, आमच्या आठ जणांच्या टोळीचा म्होरक्या. मॅनेजरने त्याला सांगितलं होतं, गौरव, तुला सुपरवायझर करतो, पण वरच्या ऑफिसला पदवी लागते, कसली पण चालेल. तर ह्याने शोधून शोधून मुक्त विद्यापीठाचा कोर्स घेतला. लवचिक अभ्यासक्रम. केव्हाही शिका, कुठेही शिका, नोकरी करता करता शिका. ॲडमिशन झाली, पुस्तकं पोस्टाने येणार होती. आणि ती यायच्या आधीच एके दिवशी सावर्ड्याला मित्राचा साखरपुडा होता, तिकडे गेला, आणि येताना हातखंब्याच्या अलीकडे एक टेम्पो... बास. पुढे सांगण्यासारखं काही नाहीच. मिनिटभराचं काम होतं.

पुस्तकं आली दहाव्याच्या दिवशी. सकाळी सात वाजता. आम्ही बाहेर पडतोय, मडकं, दर्भ, तांब्या घेऊन, आणि समोरनं पोस्टमन. एरवी हा माणूस कधी दुपारी बाराच्या आधी आमच्या वाडीत दिसायचा नाही. पार्सल ओट्यावर ठेवलंन आणि गेला. वर दादाचं नाव. छापील.

तर खाडीच्या काठावर आम्ही. पिंड ठेवलेला. कावळे वर. आता अशा वेळी काय करतात, तुम्हाला माहितीच आहे, गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली ती ओळखायची आणि ती पुरी करतो म्हणून सांगायचं, की कावळा येतो. पहिले आमचे सखारामकाका पुढे झाले. हात जोडून म्हणाले, गौरव, आवशीची काळजी करू नको रे बाबा, आम्ही आहोत. कावळा ढिम्म. मग म्हणाले, घराची कौलं ह्या उन्हाळ्यात बदलून घेऊ. कावळ्याने मान वळवलीन. मग कोणतरी मागनं म्हणालं, शिमग्याला पालखीच्या दांड्याला तुझी जागा रिकामी ठेवू. नाही. कोण म्हणालं, त्याला खाडीतल्या तिसऱ्या शिंपल्या आवडायच्या, तिसऱ्या ठेवा. दहाव्याला कुठून आणणार तिसऱ्या? आमच्या टोळीतले जमालभाई लांब उभे होते, रुमाल डोक्याला बांधून, ते सुद्धा हळूच म्हणाले, गौरव, आपल्यातला एकही माणूस काम सोडून जाणार नाही, तू जा. तरी नाही. मग काकांना एकदम सुचलं. म्हणाले, लग्न राहिलं पोराचं, ते आता आम्ही रघ्याचं करू.

त्यासरशी चारातला एक कावळा उडून पार पलीकडच्या माडावर गेला. खोटं नाही सांगत.

भटजी घड्याळ बघायला लागले. त्यांना बारा वाजता दुसरीकडे पोचायचं होतं. म्हणाले, फार वेळ झाला, आता आपण दर्भाचा कावळा करून त्याचाच स्पर्श करू या, शास्त्राला चालतं. आणि बसले की वळायला. दोन काड्या अशा, एक आडवी, चोच म्हणून गाठ. मी बघत होतो. आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला फार वेळ लागत नाही, ते सगळ्या बंदराला ठाऊक आहे. मी म्हटलं, माझ्या दादाला गवताचा कावळा? तीस वर्षांचा माणूस, आठ जणांचा म्होरक्या, कोणाचं कधी वाईट केलं नाहीन, आणि त्याच्या वाट्याला खरा कावळा सुद्धा नाही? आणि मी ओरडलो. काय ओरडतोय ते मला ओरडून झाल्यावर कळलं. मी ओरडलो, "दादा, तुझा कोर्स मी करतो!"

झालं.

तिन्ही एकदम उतरले. तिन्ही. पलीकडच्या माडावर गेलेला तो पण परत आला. भातावर अशी झडप, भटजी दचकून मागे बसले, हातातला गवताचा कावळा हातातच. सगळे म्हणाले, सुटला, सुटला. काका रडले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, शाबास. आणि मी मनात म्हणतोय, अरे, मी काय बोललो?

आता कावळा शिवला म्हटल्यावर माणूस करणार काय?

बोलून गेलो, ठीक आहे, माणूस अशा वेळी काय पण बोलतो. पण घरी आई होती. आईने दहा दिवस अन्नाला हात लावला नव्हता, चहा तेवढा, तो पण कोणी धरून पाजला तर. काकांनी उंबऱ्यातनंच सांगितलं, वहिनी, शिवला, रघूने कोर्सचं कबूल केलंन तेव्हा शिवला. आईने माझ्याकडे बघितलं. नीट, डोळे उघडून, दहा दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "करशील?" मी म्हटलं, करीन. मग ती उठली, पाय धुतले, आणि पानावर बसली. आमटीभात कालवून जेवली. सगळा. मी समोर बसून बघत होतो, एकेक घास.

तेव्हा मला कळलं, की आपण अडकलो. मी कोर्स सोडला की ती पान सोडणार. इतकी साधी गोष्ट आहे. ह्याच्यापुढे नेतृत्वाचं पुस्तक काय शिकवणार मला?

तर गेलो केंद्रावर. एका कॉलेजात वरच्या मजल्यावर केंद्र आहे, रविवारी वर्ग भरतात. खिडकीतल्या क्लार्कला म्हटलं, गौरव नागवेकर म्हणून ॲडमिशन आहे, ती माझ्या नावावर करा. तो म्हणाला, ॲडमिशन म्हणजे काय रेशनकार्ड आहे, एक नाव कमी करून दुसरं चढवायला? स्वतः येऊ दे त्यांना. म्हटलं, ते येणार नाहीत. का येणार नाहीत? म्हटलं, वारले. त्याने खुर्ची पुढे ओढलीन, पाणी दिलंन, आणि पाच मिनिटांनी म्हणाला, तुम्ही नवीन फॉर्म भरा, बारावी झालीय ना?

बारावी झालीय. ती पण दादामुळेच. मला घरी बसलेला बघून ह्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला, आधी दहावीचा, मग बारावीचा. दहावी दोन खेपेत, बारावी तीन. बारावीच्या तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, दादा, मी देत नाही आता. तर काही बोलला नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी मोटारसायकल चालू करून दारात उभा. हॉर्न पण वाजवला नाहीन. नुसता उभा. वीस मिनिटं. पेट्रोल जळतंय म्हणून मी जाऊन बसलो.

तर ॲडमिशन झाली. तिकडे मास्तर नसतात, समंत्रक असतात. आईला घरी येऊन सांगितलं, मॅडम आहेत एक, श्रद्धा मॅडम, त्या समंत्रक आहेत. आई म्हणाली, बरं झालं हो, मंत्र म्हणणारी आहे, गौरवसाठी दोन जास्त म्हणेल. मी म्हटलं, आई, तसं नाही ते... आणि मग म्हटलं, राहू दे, तिला तेवढंच बरं वाटत असेल तर मॅडमनी म्हटले मंत्र. तेव्हापासून दर रविवारी जाताना आई मॅडमसाठी एक नारळ देते. मी नेतो. मॅडम घेतात. त्यांना वाटतं आमचा मोठा माडाचा बाग आहे.

आणि लवचिक म्हणजे काय, ते तुम्हाला सांगतो. लवचिक म्हणजे तुम्ही वाकायचं. केव्हाही शिका म्हणजे काय, तर दमून आल्यावर शिका. कुठेही शिका म्हणजे बर्फाच्या खोलीच्या दारात पोत्यावर बसून शिका. माझं पुस्तक असं गारठून कडक झालंय, पान उलटलं की पापडासारखं वाजतं. जमालभाई म्हणतात, रघू, जोरात वाच, आम्हाला पण कळू दे लीडर कसा असतो. मी वाचतो. नेतृत्वाचे तीन प्रकार. हुकूमशाही नेता: स्वतः निर्णय घेतो, कोणाचं ऐकत नाही. जमालभाई म्हणाले, तुझी आई. पुढे वाच. लोकशाहीवादी नेता: सगळ्यांना विचारून निर्णय घेतो. असा कोण आम्हाला आठवला नाही. तिसरा, हस्तक्षेप न करणारा नेता: तो असतो, पण काही बोलत नाही, काही सांगत नाही, सगळे निर्णय टीमनेच घ्यायचे. मी म्हटलं, हा तर आमच्या भिंतीवर आहे. गेल्या पाच महिन्यांपासून. हार घालून.

कोणी हसलं नाही. मी पण हसायला म्हणून बोललो नव्हतो, नुसतं सुचलं ते बोललो. मला हल्ली रडू येत नाही आणि हसू पण येत नाही. दादाला नेलं तेव्हा सुद्धा आलं नाही. लोक बघत होते माझ्याकडे, आता हा कोसळेल, मग कोसळेल, दोघे जण धरायला तयार होऊन बाजूला उभे. मी आपला उभा. बर्फात हात घातला की पहिलं दुखतं, मग मुंग्या येतात, मग हात आहे की नाही तेच कळत नाही. त्याच्यात काम बरं होतं. आम्ही सगळे तसंच करतो.

त्या पुस्तकात पुढे आहे, संघाच्या पाच अवस्था. पहिली निर्मिती. दुसरी वादळ, म्हणजे भांडणं. तिसरी नियम बसणं, चौथी कामगिरी. मी म्हटलं, बरोबर, आमच्या टोळीचं असंच झालं, सुरुवातीला एकमेकांच्या अंगावर जायचो आम्ही. आणि पाचवी अवस्था, विसर्जन. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, ते आम्ही आधीच करून आलोय, मडक्यातनं.

आता कावळा शिवला म्हटल्यावर माणूस करणार काय? उघडलं परत.

वर्गात आम्ही सतराजण. माझ्या शेजारी आसियाभाभी. त्यांचा नवरा कुवेतला, घरी सासू आणि दोन मुलं. त्या म्हणतात, "रघू, सासू एका बाजूला, मुलं एका बाजूला, रोज संध्याकाळी कुवेतचा फोन, हे सगळं मी सांभाळते, मला टीम मॅनेजमेंट कोण शिकवणार? पण कागद पाहिजे म्हणतात. तू का आलास?" मी म्हटलं, कावळ्यामुळे. आणि सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी आपली वही माझ्याकडे सरकवली. तेव्हापासून नोट्स त्यांच्या, अक्षर माझं.

मध्ये एकदा मला सुटायची वाट पण दिसली होती. लवचिक आहे ना, तर पहिल्या वर्षानंतर सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री. मी धावतच सखारामकाकांकडे गेलो. म्हटलं, काका, तुम्ही तिथे होता, मी नक्की काय म्हणालो होतो? कोर्स म्हणालो की डिग्री? काका विचारात पडले. म्हणाले, कोर्स म्हणालास. मग एक वर्षाचा पण कोर्सच झाला की. शेजारचे दोघं साक्षीला बोलावले, ते पण म्हणाले, कोर्स. आम्ही चौघं मिळून घरी गेलो, जसे काय मुलगी मागायला. काकांनी सगळं आईला समजावलं, वहिनी, वर्षभरात पण सुटका होते, शब्द पण राहतो. आई ताट वाढत होती. तिने हात थांबवला. म्हणाली, "गौरवने कितीचा घेतला होता?" मी म्हटलं, तीन वर्षांचा. "मग?"

बस. एवढंच. हुकूमशाही नेता. काका परत गेले, आम्ही जेवलो.

आता खरी गंमत ऐका. मार्चमध्ये प्रकल्प आला. आपल्या परिचयातील एका संघनेत्याची मुलाखत घ्या, पंधरा प्रश्न, खाली नेत्याची सही आणि मोबाईल नंबर. वीस मार्क. त्याच्यात नापास तर सगळ्यात नापास. आसियाभाभींनी बचत गटाच्या बाईंची घेतली. मला सगळे म्हणाले, जमालभाईंची घे, आता टोळी तेच बघतात. जमालभाई तयार होते, पांढरा शर्ट घालून आले होते कामावर.

मी कागद समोर घेतला आणि पहिला प्रश्न वाचला. नेता कामाच्या ठिकाणी कुठे उभा राहतो? आता तुम्हाला आमचं काम सांगायला हवं. लादी असते दीडशे किलोची. वरनं फळीवरनं सोडतात, ती घसरत खाली येते क्रशरजवळ, तिथे खालच्या माणसाने आकड्याने तिला वळवायची. चुकली तर पाय गेला. वरचा माणूस ओरडतो, आली. खालचा म्हणतो, येऊ दे. मगच सोडायची. तर म्होरक्या नेहमी वर असतो, सगळ्या फॅक्टऱ्यांत, वरनं सगळं दिसतं म्हणून. दादा खाली असायचा. आठ वर्षं खाली. वर मला ठेवलेलं, सगळ्यात तापट म्हणून, कारण ओरडायचं काम. मी ओरडायचो, आली. तो म्हणायचा, येऊ दे. दिवसातनं दोनशे वेळा. तो गेल्यानंतर पहिल्या दिवशी कामावर गेलो, फळीवर लादी ठेवली, ओरडलो, आली. आणि खालनं काही आलं नाही. मी थांबलो. सगळे थांबले. लादी हातातनं सुटली, एकटीच खाली गेली आणि फुटली, आणि जमालभाई धावत खाली जाऊन उभे राहिले.

तर असा तो प्रश्न. मी पेन उचललं आणि लिहिलं, खाली. दुसरा प्रश्न, नेता सहकाऱ्यांना प्रोत्साहन कसे देतो? लिहिलं, काही देत नाही, दारात गाडी चालू करून उभा राहतो. नेता चुकलेल्या सहकाऱ्यावर टीका कशी करतो? लिहिलं, टीका करत नाही, त्याच्या डब्यातली सगळ्यात मोठी मासळीची तुकडी खातो. पंधराच्या पंधरा लिहिले. प्रश्नच सगळे वर्तमानकाळात, करतो, देतो, राहतो, मग उत्तरं पण तशीच झाली, त्याला मी काय करू? कुठेच 'होता' लिहायला जागा नव्हती.

राहिली खाली सही. माझ्या सगळ्या फॉर्मांवर पालक म्हणून त्याची सही असायची, बाबा मी सहावीत असताना गेले तेव्हापासून. गौरव धों. नागवेकर, आणि खाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं. मला ती झोपेत पण करता येते. केली. आणि नंबर लिहिला. तो मला पाठ असलेला एकच नंबर आहे.

रविवारी प्रकल्प द्यायला गेलो. श्रद्धा मॅडम टेबलावर बसून एकेकाचा बघतायत. आणि म्हणाल्या, ह्या वर्षीपासून नियम केलाय, दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, गेल्या वर्षी काही जणांनी नेते मनानेच तयार केले होते, एकाने तर चुलत्याला नेता करून घरातनंच बोलायला लावलेलं. आसियाभाभींच्या बाई पटकन बोलल्या, पास. मग माझा नंबर. मॅडमनी नारळ बाजूला ठेवला, कागद वाचला. बराच वेळ वाचला. म्हणाल्या, छान लिहिलंयस रे. आणि नंबर फिरवला.

आणि माझ्या खिशात फोन वाजला.

दादाचा फोन माझ्याकडे असतो. आई रोज चार्ज करून सकाळी माझ्या खिशात घालते, म्हणते, अजून कोणाला कळलं नसेल, कोण मित्र करील फोन, त्याला सांगायला नको? मॅडमनी स्वतःच्या फोनकडे बघितलं. मग माझ्या खिशाकडे. मग कागदावरच्या नावाकडे, मग माझ्या नावाकडे. आसियाभाभींनी मान खाली घातली. फोन वाजतोय. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? कट केला असता, सॉरी म्हटलं असतं, खरं काय ते सांगितलं असतं. पण माझं डोकं... मी फोन काढला आणि उचलला. म्हटलं, हॅलो.

मॅडम माझ्यापासून दोन हातांवर. त्यांनी फोन ठेवला नाही. कानाला तसाच धरला, खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "श्री. गौरव नागवेकर बोलतायत का?"

मी म्हटलं, "बोलतोय." आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडातनं दादाचा आवाज आला. जरा खालचा, संथ. मला माहिती नव्हतं तो माझ्याकडे आहे.

"रघुनाथ नागवेकर तुमच्या परिचयाचे आहेत?"

"भाऊ आहे."

"त्यांनी तुमची मुलाखत घेतली?"

"मुलाखत कसली मॅडम, लहानपणापासनं विचारतोच आहे. ह्याचे प्रश्न संपत नाहीत."

मॅडमनी पेन उचललं. "शेवटचा प्रश्न. संघात काम करायला हा विद्यार्थी कसा आहे?"

मी थांबलो. कारण हे मी दादाला कधी विचारलंच नव्हतं. पंधरा प्रश्न त्याच्याबद्दल होते. माझ्याबद्दल तो काय म्हणाला असता, ते मला कुठे माहिती?

"तापट आहे," दादा म्हणाला. "डोकं फिरलं की निघून जातो. पण... बोलावलं की येतो परत. त्याला पास करा मॅडम. नाहीतर आई जेवायची नाही."

मॅडम म्हणाल्या, "बरं. ठेवते." आणि ठेवला. मला ठेवता येईना, मी कानाला लावून तसाच बसलो, आसियाभाभींनी हातातनं काढून घेतला. मॅडमनी कागदावर शिक्का मारला, नेत्याशी संपर्क झाला, चौदा मार्क, वीसपैकी. अक्षराचे कापले. घरी जाऊन आईला सांगितलं, पास झालो. ती म्हणाली, गौरवला बरं वाटलं असेल. मी म्हटलं, होय, तसं म्हणाला तो.

तर झाला एकदाचा प्रकल्प. पुढच्या रविवारी खिडकीवर पावती घ्यायला गेलो, तर तोच क्लार्क, आज एकदम खुशीत, हातात पुढच्या सेमिस्टरचा कागद दिलान. विषय, संघर्ष व्यवस्थापन. म्हणजे भांडण कसं मिटवायचं. प्रकल्प आहे त्याच्यात पण. ज्याच्याशी आपलं भांडण राहिलंय, असा एक माणूस निवडायचा, दोघांनी समोरासमोर बसून बोलायचं, आणि मिटलं म्हणून खाली दोघांच्या सह्या. क्लार्क म्हणाला, "आहे ना कोण तसा? बहुतेकांचं असतंच घरात कोणाशी तरी."

म्हटलं, आहे. मोठं भांडण आहे. मला न सांगता निघून गेलाय.

"मग जूनच्या आत मिटवून टाका."

म्हटलं, बघतो. तो हल्ली जरा बाहेरगावी असतो.